विनाकारण ब्रेक

प्रवासाचा बारावा दिवस, मंगळवार

मुक्कामाच्या तळावरच्या रखवालदाराला आज चांगलंच फैलावर घेतलं. प्रत्येक गाडीच्या जागेचा आकडा त्याने म्हणे जमिनीवर रंगवला आहे. आकडा कसला, कुणाच्या हातून चुना सांडावा तसा पांढुरका डाग. मी म्हैस तिसऱ्याच कुणाच्या जागेत उभी केली, तर हा डाफरत आला.

‘आजी, एवढा मोठा सात दिसत नाही?’

‘एक तर मी तुमची आजी नाही,’ मी म्हटलं. ‘आणि रंगाचा डबा आणा. बारका ब्रशही आणा, म्हणजे काम शिकाल.’

धाकटी बहीण मध्ये पडली. ‘पुसटच आहे हो दादा, मलाही दिसला नाही,’ म्हणाली. माझ्या बाजूने बोलली, हे नवलच.

म्हैस म्हणजे आमचं मोटरहोम. एका निवृत्त दंतवैद्याकडून घेतलं. आत माझा पलंग, संध्याकाळी जिच्यावर धाकटीची गादी पडते ती टेबलाची फळी, दोन बर्नरची शेगडी, आणि असं एक न्हाणीघर की त्यात पाठ वळवायची तर आधी बाहेर यावं लागतं. चढावर हंबरते, उतारावर कुणाचं ऐकत नाही. पण मी एकतीस वर्षं परवाना कार्यालयात वाहनचाचणीची परीक्षक होते. भल्याभल्यांना वळण लावलं, तिथे म्हैस काय चीज.

नव्वद दिवसांत देशाच्या कडेकडेने पूर्ण फेरी, असा बेत आहे. धाकटी गेल्या महिन्यात निवृत्त झाली. इस्पितळाच्या धोबीखान्यावर दहा वर्षं देखरेख केली तिने. मी फोन करून विचारलं, येतेस का? नाही म्हणेल अशी खात्री होती, कारण गेली दहा वर्षं आम्ही फक्त लग्नाला आणि मयताला भेटत आलो. ती ‘येते’ म्हणाली. मला बरं वाटलं. हे मी तिला सांगितलेलं नाही.

निवृत्तीने तिला वाचा फुटली आहे. कॉन्व्हेंटमध्ये नन्स म्हणायच्या, ही मुलगी वर्गात आहे की नाही हे हजेरीपटावरूनच कळतं. आता गाडी सुरू झाली की हिचा रेडिओ सुरू. ‘ताई, डावीकडे तो ट्रक बघ, किती छान निळा आहे.’ ‘ताई, ती टोपलीवाली बाई घाईत दिसते, ओलांडेल आता.’ ‘अय्या, पुढे केवढं मोठं वळण गं!’ लहान पोराला पहिल्यांदा घराबाहेर काढावं, तशी. संध्याकाळी म्हैस थांबली की मात्र चिडीचूप. आज तर घसा बसला म्हणून मिठाच्या गुळण्या करत होती. बडबडीचं दुसरं काय होणार?

पंधरावा दिवस, शुक्रवार

आज तीन जणांनी हॉर्न मारले. माणसांना हल्ली हॉर्न हे खेळणं वाटतं. एका टेम्पोवाल्याने तर बाजूला येऊन खिडकीतून विचारलं, ‘बाई, कुणी दिला परवाना तुम्हाला?’ मी म्हटलं, ‘तुला कुणी दिला ते सांग, मी त्याची बदली करते.’ निवृत्त माणसाला बदल्या करता येत नाहीत, हे त्याला काय ठाऊक.

दुपारी एका गावातून जाताना धाकटी म्हणाली, ‘ताई, चष्म्याचं दुकान आहे. माझा नंबर तपासून घेते म्हणते. तूही घे की सहज.’

‘माझा नंबर गेल्या वर्षी तपासलाय. शेवटची ओळ वाचली मी.’

‘वाचलीस गं. पण नंबर वेगळा आणि डोळे वेगळे.’

‘हे कुठल्या धोबीखान्यात शिकलीस?’

लागलं असेल. बोलून झाल्यावर मला वाटलं, एवढं बोलायला नको होतं. पण ती चादरींमध्ये का अडकली ते आम्हा दोघींनाही माहीत आहे, आणि तो विषय आमच्यामध्ये सामानासारखा पडून असतो. एकदाचा लिहूनच टाकते.

दहा वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. भाची कॉलेजात होती. धाकटी परिचारिका. आरोग्य केंद्रात गावोगाव फिरून बाळंतिणींना तपासायची जागा निघाली होती. सरकारी गाडी मिळणार होती, पण ती स्वतः चालवायची, म्हणजे परवाना हवा. शिकली. चांगली शिकली, हेही लिहिते. चाचणी आमच्याच कार्यालयात पडली. माझा सहकारी म्हणाला, ‘बाई, तुमची बहीण आहे, मी घेतो.’ मी म्हटलं, मुळीच नाही. तुम्ही पास केलंत तर लोक म्हणतील बाईंची बहीण म्हणून केलं. मी केलं तर म्हणणार नाहीत, कारण मी कशी आहे ते लोकांना माहीत आहे. आपला तो बाब्या हे माझ्या टेबलावर कधी चाललं नाही.

सगळं व्यवस्थित चाललं होतं. शेवटच्या सरळ रस्त्यावर, समोर चिटपाखरू नसताना, हिने करकचून ब्रेक दाबला. माझं कपाळ काचेवर आपटलं. विचारलं, हे काय? म्हणाली, ‘अगं कुत्रं आलं ना आडवं!’

कुत्रं नव्हतं. मी खाली कागदात बघत नव्हते, समोर बघत होते. कुत्रं नव्हतं.

विनाकारण ब्रेक हा एक दोष, तो मी एखाद वेळी सोडलाही असता. पण खोटं? आणि माझ्या तोंडावर? मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘परीक्षकाशी खोटं बोलली.’ तो शेरा पडला की सहा महिने पुन्हा बसता येत नाही. तोवर जागा भरली, आणि तिने मिळाली ती धोबीखान्याची नोकरी धरली. ती परत कधी चाचणीला बसलीच नाही.

मी नापास केलेल्या प्रत्येकाचं अंगण वाकडंच असायचं. पण माझ्या सख्ख्या बहिणीने कुत्रं जन्माला घालावं, हे मला अजून पचलेलं नाही.

सतरावा दिवस, रविवार

पेट्रोलपंपावर डावा आरसा खांबाला घासून निखळला. तो खांब तिथे कुणी उभा केला, त्याला माझ्यासमोर आणा. टेप लावून आरसा बसवला आहे. थोडा थरथरतो. मोठ्या गावात बदलून घेऊ.

धाकटी आज जेवली नाही.

एकोणिसावा दिवस, मंगळवार, दुपार

रस्त्याकडेच्या झाडाखाली थांबलो आहोत. मी पुढच्या सीटवर लिहिते आहे. धाकटी बाहेर दगडावर बसली आहे, पाठ माझ्याकडे.

सकाळी चहाच्या वेळीच ठिणगी पडली. मी नकाशा बघून म्हटलं, आज एकशे ऐंशी किलोमीटर. ती म्हणाली, ‘ऐंशी पुरे की. तुझ्यावर ताण येतो.’

‘माझ्यावर ताण गाडीचा येत नाही, तुझ्या तोंडाचा येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ट्रक निळा आणि सायकल लाल. मला डोळे आहेत. आज माझ्यावर एक उपकार कर, रेडिओ बंद ठेव.’

तिने कप धुतला, पुसला, कपाटात ठेवला, खिट्टी लावली. मग म्हणाली, ‘बरं.’

आणि खरंच बंद ठेवला. तीन तास अक्षर नाही. मला वाटलं होतं मी सुखावेन. पण सुख कुठलं? आज रस्त्यावर माणसं जणू जमिनीतून उगवत होती. मोटरसायकली एकदम दाराशी. एक हातगाडी तर अशी आली की मला कळलं तेव्हा ती मागे गेलेली होती आणि गाडीवाला मुठी उगारत होता. या भागातले लोक बेशिस्त आहेत. धाकटीने दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. मी मनात म्हटलं, नाटकं.

अकराच्या सुमाराला ती किंचाळली, ‘ब्रेक!’

मी दाबला. एकतीस वर्षांची सवय, पाय आधी जातो. मागे कपाटातले सगळे डबे कोसळले. आणि म्हशीच्या नाकासमोरून, डावीकडून, सायकलवर एक बाई गेली. मागे पोर बांधलेलं. इतक्या जवळून की पोराच्या टोपीचा गोंडा मी पाहिला. तिने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माणसांना जिवाची पर्वा नाही, मी म्हणाले.

धाकटी खाली उतरली आणि शेतात जाऊन ओकली. परत आली तेव्हा चेहरा पिठासारखा. ‘ताई,’ ती म्हणाली, ‘आपण इथून पुढे बसने जाऊ या?’

‘आणि म्हैस?’

‘कुणाला तरी चालवायला सांगू. हात जोडते तुला.’

एकतीस वर्षं ज्या बाईने देशाला गाडी चालवायला शिकवलं, तिला ही बसने नेणार! अजून सत्तर किलोमीटर आहेत. नदीकाठी तळ आहे. तिथे शांतपणे बोलू.

विसावा दिवस, बुधवार

इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. हात स्थिर आहे. याची मला लाज वाटते.

काल चार वाजता नदीकाठच्या तळावर पोचलो. जागा दोन झाडांमध्ये, गाडी मागे घेऊन लावायची होती. धाकटी न बोलता उतरली आणि मागे गेली. रोज जाते, हात दाखवते. मी डाव्या आरशात बघितलं. आरसा थरथरत होता. त्यात झाड होतं, नदी होती, धाकटी नव्हती. मला वाटलं, रुसून शेजारच्यांशी गप्पा मारायला गेली असेल. आज ही बोलणार नाहीच, मग मी का थांबू? रिव्हर्स टाकला.

सावकाश घेतली. हे मी दहा जणांना सांगितलं आहे, सावकाश घेतली, सावकाश घेतली. जणू त्याने काही फरक पडतो.

आवाज झाला नाही. शेजारच्या गाडीतला माणूस, सुतार आहे तो, धावत आला आणि तळहाताने म्हशीच्या अंगावर धाडधाड मारू लागला. ‘थांबा! बाई खाली आहे! थांबा!’ मी दाबला तो ब्रेक त्यानंतरचा.

ती डावीकडेच उभी होती. सुतार म्हणाला, हात वर करून उभी होती. मी जवळ आले तेव्हा तिने हाकही मारली होती. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आली नाही.

डाव्या पायाचा घोटा. तीन ठिकाणी मोडला आहे, पावलाची हाडं मोडली ती वेगळीच. हाडांच्या डॉक्टरांनी रात्री शस्त्रक्रिया केली, पट्ट्या आणि स्क्रू घातले. ‘चालतील,’ ते म्हणाले. ‘काठी लागेल. पूर्वीसारखा पाय दाबता येणार नाही.’ माझं वय विचारलं. अडुसष्ट, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मला राग येईना. काल सकाळी आला असता.

एकविसावा दिवस, गुरुवार

सकाळी हवालदार जबाब घ्यायला आला. जाडजूड, घामेजलेला, टोपी काखेत. मी खाटेच्या या बाजूला उभी होते. त्याने विचारलं, काय झालं?

धाकटी म्हणाली, ‘मीच घसरले हो. चिखल होता. पाय गेला चाकाखाली. ताईने लगेच ब्रेक दाबला, नाहीतर मी गेलेच होते.’

चिखल नव्हता. आठ दिवस पाऊस नाही. ब्रेक मी लगेच दाबला नाही.

हवालदाराने लिहून घेतलं, तिने सही केली. तो माझ्याकडे वळला, ‘बाई, तुम्हाला काही सांगायचंय?’

मी म्हटलं, ‘नाही.’

बस, एवढंच. माझ्या आयुष्यात मी कुणाचं खोटं खपवून घेतलं नाही, अशी माझी ख्याती आहे. आज मी ते तांब्याभर पाण्यासारखं गटागटा प्यायले, आणि खरं लिहायचं तर मला बरंही वाटलं.

दुपारी भाची आली. रात्रभर प्रवास करून, केस न विंचरता. आईच्या कपाळावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, ‘मावशी, बाहेर ये.’

बाहेर खिडकीपाशी उभी राहिली. ‘आई मला रोज संध्याकाळी फोन करायची. आवाज इतका बसलेला की मला कळायचं नाही. मी विचारलं, आई, काय झालंय तुझ्या घशाला? म्हणाली, दिवसभर बोलावं लागतं. मावशी, माझी आई घरी दिवसाला दहा वाक्यं बोलत नाही.’

‘मग इथेच का—’

‘मला काय विचारतेस?’ ती म्हणाली. ‘तिला डावीकडचं सगळं तुला सांगावं लागत होतं.’

मी म्हटलं, काय वाटेल ते बोलू नकोस. मला डोळे आहेत. आता एकटी बसले आहे आणि एकेक आठवते आहे. निळा ट्रक डावीकडे. टोपलीवाली बाई डावीकडे. हातगाडी. खांब. सायकल. एकदाही तिने मला उजवीकडचं काही दाखवलं नाही.

तेविसावा दिवस, शनिवार

इथल्या डोळ्यांच्या विभागात गेले. भाचीचं तोंड बंद करायला गेले, असं मी तिला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही.

अक्षरांचा तक्ता वाचला. शेवटची ओळसुद्धा. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, ‘छान!’ मी भाचीकडे बघितलं. मग मला एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवून. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आजूबाजूला कुठेही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. आधी उजवा डोळा. कण येत राहिले, मी दाबत राहिले. मग त्याच्यावर पट्टी लावून डावा. दोनचार कण आले आणि यंत्र थांबलं. मी वाट बघितली. बराच वेळ बघितली. शेवटी म्हटलं, ‘अहो बाई, तुमचं यंत्र बंद पडलंय.’

ती म्हणाली, ‘नाही मॅडम, चालू आहे. मध्ये बघत राहा.’

मी बघत राहिले. पांढरं, नुसतं पांढरं. तिच्या बाजूने यंत्राची टकटक ऐकू येत होती. दर टकटकीला एक कण असतो, हे मला उजव्या डोळ्याच्या वेळी कळलं होतं. मी टकटक मोजायला लागले. चाळीसनंतर सोडून दिलं. बटण घामाने निसरडं झालं होतं.

लबाडी करता आली असती. आवाजावर बटण दाबता आलं असतं. एकदा अंगठा गेलाही तिकडे.

डॉक्टरीणबाई तरुण, मृदू. काचबिंदू, म्हणाल्या. डावा जवळजवळ गेला आहे, मधला ठिपका तेवढा उरला म्हणून अक्षरं वाचता येतात, आणि उजव्याचीही नाकाकडची, म्हणजे डावी, कड जायला लागली आहे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखता येईल. ‘दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. अंधार दिसत नाही ना, काहीच दिसत नाही. मेंदू ती जागा रस्त्याने, भिंतीने भरून काढतो.’

‘कधीपासून?’

‘इतकं व्हायला दहा वर्षं. बाराही असतील.’

मी विचारलं, ‘दहा की बारा?’ त्या म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही. मी पुन्हा विचारलं. भाचीने माझा हात धरला.

म्हणजे कुत्रं होतं.

मी समोर बघत होते आणि कुत्रं होतं, आणि जिथे कुत्रं होतं तिथे मला रस्ता दिसला.

आणि ते एकटं कुत्रं नाही. निवृत्त व्हायला तेव्हा दोन वर्षं होती. दोन वर्षं मी डाव्या सीटवर बसून दिवसाला दहा-अकरा माणसं तपासली. एक गवंडी आठवतो, मोठा पाण्याचा टँकर चालवायची नोकरी मिळणार होती त्याला. म्हणाला होता, ‘मॅडम, ती म्हातारी केव्हाची उभी होती, तुम्हीच दचकलात.’ मी त्याला नापास करून वर म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला. एक मुलगी रडली होती. नावं आठवत नाहीत. शेरे आठवतात, कारण अक्षर माझं आहे.

चोविसावा दिवस, रविवार

धाकटीला सांगितलं. सरळ सांगितलं, कारण वळणाने मला सांगता येत नाही.

‘तुझं कुत्रं होतं.’

ती उशीला टेकून बसली होती, पाय टांगलेला. थोडा वेळ तिला कळलंच नाही. मग म्हणाली, ‘होतं गं. तपकिरी. मागच्या पायाने लंगडत होतं, म्हणून तर पटकन बाजूला झालं नाही.’

‘मग तू भांडली का नाहीस?’

‘भांडले होते की! तू ऐकलंस?’

मी ऐकलं नव्हतं. तेव्हा गाडीत मी म्हटलं होतं, मॅडम म्हणा, ताई घरी.

‘तुला एक सांगू?’ ती म्हणाली. ‘रागावू नकोस. मला वाटायचं तू मुद्दाम केलंस. कुत्रं तुझ्यासमोरून गेलं होतं, ताई. तुला दिसलं नाही हे शक्यच नव्हतं. म्हणजे ठरवून पाडलंस. मी तुझ्यासारखी गाडी चालवावी, सरकारी नोकरी करावी हे तुला बघवत नसेल. दहा वर्षं मी चादरींच्या घड्या घालताना हेच म्हणायचे, मी हिचं काय वाकडं केलं होतं?’

‘मग आलीस कशाला माझ्याबरोबर?’

‘तोंडावर विचारायला. मनात ठरवून आले होते, कुठेतरी लांब गेलो की विचारीन.’ ती हसली. ‘तिसऱ्या दिवशी तू त्या पोस्टाच्या पेटीला धडकता धडकता राहिलीस. वर पेटीवरच चिडलीस. तेव्हा कळलं, तुला दिसतच नाही. मला इतकं बरं वाटलं गं. काय सांगू. त्या रात्री छान झोप लागली.’

मी तिच्या पांघरुणाची कड सारखी करत बसले.

‘तेव्हाच सांगायला हवं होतं,’ ती म्हणाली. ‘चुकलंच माझं. पण सांगितलं असतं तर तू म्हैस विकली असतीस आणि घरात कोंडून घेतलं असतंस. म्हटलं, चार दिवस मजेत आहे, मी बोलते तोंड दुखेपर्यंत. काय बिघडतं?’

‘तू सांगितलं असतंस तर मी तुला फाडून खाल्लं असतं.’

‘ते तर झालंच असतं.’

मी म्हटलं, तू बरी हो, मी तुला परवाना मिळवून देते, स्वतः शिकवते, बाजूला बसून नाही, मागे बसून. टांगलेल्या पायाकडे बघितलं तिने. डावा. क्लचचा. हे मला, मला, कुणीतरी दाखवावं लागलं.

मग मी म्हटलं, उद्या पोलीस ठाण्यात जाते. चिखल नव्हता ते सांगते.

‘नको,’ ती एकदम म्हणाली. ‘ताई, मी सही केली आहे.’

‘खोट्यावर.’

‘असू दे ना खोटं! मी दिलंय तुला ते. एक गोष्ट मी दिलेली तुला ठेवून घेता येत नाही का?’

मी म्हटलं, नाही.

पंचविसावा दिवस, सोमवार

सकाळी दहाला ठाण्यात गेले. एक टेबल, एक पंखा, भिंतीला टेकवलेल्या जप्तीच्या सायकली. तोच हवालदार. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चिखल नाही, ब्रेक उशिरा, आरसा तुटका, डोळा गेलेला. तो ऐकत होता. मध्येच त्याने पेनाचं टोपण लावलं.

‘बाई, घरी जा. केस मिटली आहे.’

‘खोट्यावर मिटली आहे. उघडा.’

त्याने उसासा टाकला, फाइल काढली, कोरा कागद माझ्याकडे सरकवला. ‘उघडतो. लिहा तुम्ही. पण मग मला वर एक ओळ लिहावी लागते. जखमी बाईने सही करून दिलंय की तिचा पाय घसरला. तुम्ही म्हणता, घसरला नाही. तुमचं खरं धरलं तर तिने पोलिसाला खोटा जबाब दिला. मग तिला बोलावणं जाईल. काठी टेकत यावं लागेल तिला, विचारतील, का खोटं बोललात? तर आधी एवढं लिहून द्या, बाई. बहीण खोटं बोलली, असं. खाली सही.’

पेन माझ्या हातात होतं.

आयुष्यात एकदा मी हे वाक्य लिहिलं, तेव्हा ते खोटं होतं आणि मला ते खरं वाटलं. आज खरं आहे. अक्षरन् अक्षर खरं आहे. नन्सनी शिकवलं तसं, मी एकतीस वर्षं शिकवलं तसं, खरं. कागदावर पंख्याने सावली फिरत होती. मी ‘माझी बहीण’ एवढं लिहिलं. पुढचा शब्द माझ्या हाताला पाठ आहे. तो मला लिहिता आला नाही.

कागद फाडून पर्समध्ये टाकला.

‘मग काय लिहू?’ हवालदार म्हणाला.

‘काही लिहू नका.’

मी माझा परवाना काढून त्याच्या टेबलावर ठेवला. तो उलटसुलट करून बघायला लागला. ‘हे इथे नाही घेत हो. परवाना कार्यालयात जमा करावा लागतो.’

‘माहीत आहे कुठे करावा लागतो,’ मी म्हटलं, आणि परत उचलून घेतला. जमा करीन. बसने जाऊन करीन.

म्हणजे झालेलं सगळं खरं आता फक्त या वहीत आहे. त्या गवंड्याचं कुठेच नाही.

इस्पितळात आले तेव्हा भाची औषधं आणायला गेली होती. धाकटीने माझ्या तोंडाकडे बघितलं. ‘काय लिहून दिलंस?’

‘काही नाही.’

‘खरं सांग.’

‘खरंच काही नाही लिहिलं.’

तिचा विश्वास बसायला वेळ लागला. का बसावा? मग ती म्हणाली, ‘सफरचंद काप ना मला. सकाळपासून काही खाल्लं नाही मी.’ मी स्टूल ओढून तिच्या खाटेशी बसले. तिने उशाशी ठेवलेल्या पिशवीतून सफरचंद काढलं, बशी काढली, सुरी काढली. सुरी तिने माझ्या डाव्या हाताशी ठेवली, मग उचलली, आणि न बोलता उजवीकडे ठेवली.